गाडीची बॅटरी वारंवार का उतरते? खान्देशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावात सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी गेली, बदलून टाक. कधीकधी तो बरोबरही निघतो. पण पाच-सहा हजार घालून नवी बॅटरी बसवायची आणि महिन्याभरात पुन्हा शेजाऱ्याकडे जंपर केबल मागायला जायचं, हे इतक्या लोकांच्या वाट्याला येतं की हे सगळं एका जागी लिहायला हवं होतं. बॅटरी बदलण्याआधी मोजा, एवढंच सांगायचं आहे. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

बॅटरीच उतरली आहे हे कशावरून ओळखायचं?

आवाजावरून बरंच कळतं. चावी फिरवल्यावर भरभर टकटकटक असा आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे विझू-विझू झाले, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच जोरात ‘टक’ झालं आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर संशय सेल्फ मोटरवर किंवा तिच्या जाड वायरवर घ्या. काहीच आवाज नाही, पण हॉर्न खणखणीत वाजतोय, तर क्लच पूर्ण दाबला होता का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का, चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतोय का, ते बघा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. तो पेट्रोल-डिझेलचा किंवा स्पार्कचा मामला आहे. उगाच सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरवाल.

तपासणी कुठून सुरू करायची?

घरावरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकी रिकामी सापडली तर कारणं तीनच: टाकीच फुटकी, वर पाणी चढत नाही, नाहीतर कुठेतरी नळ गळतोय. बॅटरीचंही तेच. बॅटरी स्वतः खराब, इंजिनवर फिरून तिला चार्ज करणारा अल्टरनेटर भरत नाही, किंवा गाडी बंद असताना करंट कुठेतरी जातोय. तिन्हींची मोजणी वेगळी.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडण्याआधी शक्य झालं तर फारच उत्तम, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन बंद केल्या केल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला दिसतो.

मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा खाली जाणारच. तो ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी ठीक. रात्रभर १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळली, तर ती आतून संपली आहे, तिला कितीही चार्जिंगला लावा. याउलट सकाळी ११.९ दाखवणारी बॅटरी आकडा पडला म्हणून लगेच बाद करू नका. ती नुसती रिकामी असू शकते. आधी पूर्ण चार्ज करा, मग दुकानात लोड टेस्ट, म्हणजे जोराचा करंट खेचून बॅटरी टिकते का याची तपासणी, करून घ्या. रिकाम्या बॅटरीची लोड टेस्ट करून ‘गेली’ असं सांगणारा दुकानदार भेटला तर दुसरं दुकान बघा.

आपल्याकडे बॅटरी लवकर का जाते? पुण्यातल्या भावाची चार-पाच वर्षं टिकली.

ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बॉनेटखाली, इंजिनच्या शेजारी, बॅटरी त्याहून कितीतरी जास्त तापते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात. पाणी उडतं, पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी कुरतडली जाते, आणि गाडी नुसती उभी असली तरी चार्ज लवकर उतरतो. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम या धंद्यात धरतात. तो तंतोतंत लागू होतो असं नाही, पण रावेर-यावल पट्ट्यात दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी आणि पुण्यात बेसमेंटमध्ये उभी राहणारी गाडी यांची बॅटरी सारखीच टिकेल ही अपेक्षा चुकीची आहे. आपल्याकडे अडीच-तीन वर्षं नीट चालली तर बॅटरीने काम केलं असं समजा.

यावर करता येण्यासारखं थोडं आहे, पण ते करा. गाडी सावलीत लावा. बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं प्लास्टिकचं किंवा कापडी कवच सर्व्हिसिंगमध्ये काढून फेकलं जातं, ते परत बसवून घ्या. ते इंजिनच्या गरमीपासून वाचवायलाच असतं. आणि बॅटरी घट्ट पट्टीने आवळलेली हवी. खड्ड्यांच्या रस्त्यावर हलत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवरचा मसाला झडतो आणि तळाशी साचून आतच शॉर्ट होतो.

उन्हाळाभर चांगली चालली. मग ऐन थंडीत कशी गेली?

गेली उन्हाळ्यातच, कळलं थंडीत. मे महिन्यात प्लेटा खराब झालेल्या असतात, पण गरम हवेत इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला फार जोर लावावा लागत नाही, आणि अर्धमेली बॅटरीही काम निभावून नेते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्रीचा पारा १० च्या खाली उतरला की ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची देण्याची ताकद कमी झालेली असते. म्हणून दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीची लोड टेस्ट दिवाळीच्या आधी करून घ्या. बरेच दुकानदार फुकट करून देतात.

“भाऊ, नवी बॅटरी टाकली, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की बसते.” हे काय?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नवी बॅटरी चार दिवसांत बसते म्हणजे बॅटरी बहुतेक निर्दोष आहे. गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय.

थोडा करंट प्रत्येक गाडी खाते. घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरी रोखणारा इमोबिलायझर, कंट्रोल युनिटची (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांची) मेमरी, हे सगळं मिळून ५० मिलिअ‍ॅम्पच्या आत असायला हवं, पुष्कळ गाड्यांत २०-३० च असतं. ५० मिलिअ‍ॅम्पने दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास जातात. ३५ अ‍ॅम्पिअर-तासाची चांगली, भरलेली बॅटरी त्यावर पंधरा दिवस सहज काढते. आता ग्लोव्हबॉक्समधला ५ वॅटचा छोटासा बल्ब घ्या. झाकण नीट लागत नसेल तर तो रात्रंदिवस जळतो आणि दिवसाला १० अ‍ॅम्पिअर-तास पितो. दोन-तीन दिवसांत गाडी बंद. हा बल्ब कुणालाच दिसत नाही, कारण झाकण उघडल्यावर तो लागलेलाच असायला हवा. मोबाईलचा व्हिडिओ सुरू करून आत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने बाहेर काढा. किंवा गाडी बंद करून तासाभराने झाकण उघडून बल्बजवळ हळूच बोट न्या, गरम लागला तर चोर सापडला. डिकीच्या दिव्याचीही अशीच परीक्षा घ्या.

आपल्याकडे मात्र दहातल्या बहुतेक वेळा चोर नंतर बसवलेल्या सामानात निघतो. पारोळ्याकडच्या एका गाडीची गोष्ट सांगतो. मालकाने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, अल्टरनेटरही उघडून झाला होता. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी सीटखाली हात घातला तर अँप्लिफायरची पत्र्याची पेटी कोमट. त्याच्या ‘रिमोट’च्या पातळ निळ्या वायरला चावी लावल्यावरच १२ व्होल्ट मिळायला हवेत, म्हणजे टेप सुरू तर अँप सुरू. बसवणाऱ्याने ती वायर सरळ कायम सुरू असणाऱ्या सप्लायला जोडली होती. गाणं बंद, पण अँप चोवीस तास जागा. वायर जागेवर लावली, विषय संपला. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्वस्तातली रिमोट लॉक किट, फॉग लॅम्पचा चिकटलेला रिले, कायम सुरू असणाऱ्या सॉकेटमध्ये राहिलेला मोबाईल चार्जर, ही बाकीची मंडळी.

आणि उंदीर. केळी, मका, कापूस साठवलेल्या गोडाऊनजवळ गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून वायरिंग नीट बघा. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली की फ्यूज उडतो किंवा करंट झिरपत राहतो.

ही गळती घरी शोधता येते का?

येते, पण घाई केली तर चुकीचं उत्तर मिळतं. गाडी बंद करा, चावी गाडीपासून लांब घरात ठेवा. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या चावी जवळ असली की झोपतच नाहीत. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच पेचकसाने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागलं असं वाटेल. आता अर्धा-पाऊण तास थांबा. सगळी कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी घेतलेलं रीडिंग एखादा-दोन अ‍ॅम्पसुद्धा दाखवेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

सर्वांत सुरक्षित पद्धत फ्यूजची. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांना मीटरच्या दोन सुया टेकवा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. दशांशात का होईना आकडा आला, तर त्या लाईनवर करंट चालू आहे. फ्यूज काढावा लागत नाही, म्हणून झोपलेली गाडी जागी होत नाही. फ्यूज कशाचा आहे ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, मग त्या लाईनवरच्या वस्तू एकेक करून सोडवा.

नेमका करंट मोजायचा असेल तर निगेटिव्ह केबल सोडवून मीटर तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये, १० अ‍ॅम्पच्या सॉकेटवर लावतात. अशा वेळी चावी फिरवायची नाही, दार उघडायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. विसरलात आणि नंतर बॅटरीला टेकवलीत तर थेट शॉर्ट होईल. क्लॅम्प मीटर विकत घेणार असाल तर तो डीसी अ‍ॅम्प मोजतो का, ते विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

अल्टरनेटर चार्ज करतोय की नाही, हे कसं कळेल?

इंजिन सुरू करून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.६ यायला हवं. आता हेडलाईट, एसीचा पंखा फुल्ल, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरा. १३.५ च्या वर टिकलं तर भरणं चालू आहे. सुरू गाडीत १२.५ वरून खाली घसरत चाललं तर बेल्ट, अल्टरनेटरची वायर, ब्रश, या क्रमाने बघायला सांगा. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पेटी फुगते.

एक खबरदारी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो. सरळ रस्त्यावर तो चार्जिंग कमी करतो आणि ब्रेक किंवा उतारावर वाढवतो. अशा गाडीत मधूनच १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर बदलू नका. दिवे लावून पुन्हा बघा.

अल्टरनेटरमध्ये आणखी एक लपलेला दोष असतो: डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. एखादा डायोड गळका झाला की दिवसा चार्जिंग बरं दिसतं आणि रात्री त्याच वाटेने बॅटरी उलटी उतरते. गाडी चार-पाच तास उभी असूनही अल्टरनेटर बाकी इंजिनपेक्षा गरम लागला तर हाच संशय. इंजिन सुरू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड तपासून घ्या.

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून बघायची जुनी युक्ती आजच्या गाडीवर अजिबात करू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. ते बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमते. त्याने फरक पडतो?

पडतो. क्लिप आणि खुंटी यांच्या मध्ये तो थर शिरला की दिव्यापुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही. सेल्फ मारताना मीटरची एक सुई खुंटीवर आणि दुसरी क्लिपवर धरा. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं. इंजिनच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे, ती स्वस्तात बदलून मिळते.

सफाई करताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना ती शेवटी लावा. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा. झाकणं असतील तर ती घट्ट हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. पुसून, वाळवून, घट्ट आवळून मग वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीचा माथाही पुसा. धूळ आणि अ‍ॅसिडचा ओलसर थर दोन टोकांमध्ये करंट झिरपू देतो, पावसाळ्यात विशेष.

बॅटरीत कुठलं पाणी टाकायचं?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. ते प्लेटांना मारतं. आरओचं नाही, एसीतून ठिबकणारंही नाही. अ‍ॅसिड तर कधीच टाकू नका, उडतं ते पाणी. सील बॅटरी असेल तर उघडायचीच नाही. झाकणं असलेली असेल तर मार्च ते जून महिन्यातून एकदा पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या तर तो भाग पुन्हा नीट कामाला येत नाही.

गाडी गावी उभी असते, आम्ही सुरतेला असतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलो की गाडी बंदच.

घरोघरची अडचण. महिनाभरापेक्षा जास्त उभी ठेवणार असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल सोडवून जा. चावी गाडीत ठेवून असं करू नका, आणि दाराला चावीचं भोक चालतंय ना ते आधी बघा. उन्हाळ्यात केबल काढलेली बॅटरीसुद्धा स्वतःहून उतरते, म्हणून घरच्यांना महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायला सांगा.

“दर आठवड्याला दहा मिनिटं सुरू करून बंद करतो” याने फारसा उपयोग होत नाही. उभ्या गाडीत अल्टरनेटर हळू फिरतो, त्यातलं बरंचसं पंखे आणि दिवे खातात. सुरू करायचीच तर पाऊण तास बायपासवर फिरवून आणा.

पूर्ण बसलेली बॅटरी तशीच आठवडे ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात. तशी सापडली तर सावकाश चार्ज करा. ३५ च्या बॅटरीला ३-४ अ‍ॅम्पने दहा-बारा तास. फास्ट चार्जिंगने एका तासात करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

ट्रॅक्टरवरून किंवा ट्रकवरून जंप घेता येतो का?

ट्रॅक्टर सहसा १२ व्होल्टचा, तो चालतो. ट्रक आणि बस बहुतेक २४ व्होल्टच्या. हायवेवर मदतीला थांबलेल्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून जंप घेतलात तर कारची इलेक्ट्रॉनिक्स जळतात. ड्रायव्हर कितीही भला असला तरी आधी विचारा, खात्री नसेल तर मोजा, तेही नसेल तर नको.

केबल लावण्याचा क्रम पाळा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे पडू नये. बिडी-सिगारेट लांब. दुसरी गाडी चार-पाच मिनिटं सुरू ठेवून मग सेल्फ मारा, आणि केबल उलट्या क्रमाने काढा. पेटी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर जंप द्यायचाच नाही.

धक्का मारून?

गिअरची गाडी आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर होते. अगदी संपलेल्या बॅटरीवर पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत, कितीही ढकला. ऑटोमॅटिकला धक्का नाही.

नवी बॅटरी घेताना काय बघू?

अ‍ॅम्पिअर-तास आणि टर्मिनलची बाजू गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यासाठीची, वारंवार सेल्फ सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरीच घ्या, साधी तिथे टिकत नाही. बनवल्याची तारीख विचारा आणि दुकानातच मीटर लावा. उन्हात तापणाऱ्या शटरमागे वर्षभर पडलेली बॅटरी नवी नव्हे. १२.४ च्या खाली दाखवत असेल तर दुसरी काढायला सांगा.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, किमतीत वजावट मिळते. आत शिसं आणि अ‍ॅसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याने ती शेतात फोडून अ‍ॅसिड ओतलं तर ते आपल्याच विहिरीच्या पाण्यात उतरतं.

वॉरंटीत बदलून मागितली तर “तुमच्या गाडीचं चार्जिंग खराब आहे” म्हणतात.

ते खरंही असू शकतं, म्हणून आधी वरच्या मोजण्या करून आकडे कागदावर लिहून न्या: रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा, इंजिन सुरू असतानाचा, आणि बंद गाडीचा करंट. मीटरचे फोटो काढा. चार्जिंग १४ च्या आसपास, बंद गाडीचा करंट ५० मिलिअ‍ॅम्पच्या आत, आणि पूर्ण चार्ज करूनही सेल्फला ९.६ टिकत नाही, असं दाखवलंत तर बोलायला जागा उरत नाही. बॅटरी तपासायला ठेवून घेतली तर पावती घ्या. वॉरंटी कार्डावर किती महिने फुकट बदली आणि किती महिने टक्केवारीने सूट, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. गाडी टॅक्सी पासिंगची असेल तर मुदत बहुतेक कमी असते. बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा जुन्या वॉरंटीतली उरलेली मुदतच लागू होते, म्हणून बदलीची तारीख कार्डावर शिक्क्यासह लिहून घ्या.